मालक एकच का?

डिचोली तालुक्यातल्या मये गावात जमिनीचा विषय निघाला की बोलणे आधी कस्टोडियनच्या कचेरीत जाते आणि तिथून थेट लिस्बनला. पोर्तुगीज अमदानीत हे गाव एका सरदार घराण्याला बहाल झाले होते. ‘मयेचा कोंद’ ही त्या घराण्याची पदवी. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. जमिनीचे धनी पोर्तुगालला, जमीन इथे. १९६४ च्या कायद्याने ती स्थलांतरितांची मालमत्ता ठरली आणि सरकारने नेमलेल्या कस्टोडियनच्या हाती गेली. त्यानंतर अर्धे शतक मयेकर स्वतःच्या घरात, पण परक्याच्या जमिनीवर राहिले.

अशा गावात बसून रोमन कायद्यावर वाद घालणे कुणाला चैनीचे वाटेल. पण युरोपने प्राचीन रोमच्या कायद्यातून काय उचलले आणि काय टाकून दिले, याची किंमत मयेइतकी रोख मोजलेली गावे फार नसतील. पुढच्या संवादातली दोन माणसे कल्पित आहेत. एक, डिचोलीच्या कोर्टात हयात घालवलेले, पोर्तुगीज वाचणारे निवृत्त वकील. दुसरी मयेचीच लेक, उच्च माध्यमिक विद्यालयात इतिहास शिकवणारी. कायदे, खटले आणि सनावळ्या मात्र खऱ्या.

वकील : बाय, पोर्तुगीज गेले ते बरेच झाले. पण त्यांचा कायदा आपण ठेवला, तेही बरेच केले. दुसरा करार केलेला नसेल तर गोव्यात लग्न झाल्याबरोबर नवरा-बायकोची मिळकत सामाईक होते, दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा. मुलीला मुलाइतकाच वाटा. बापाने रागाच्या भरात मृत्युपत्र केले तरी निम्म्या मिळकतीला त्याला हात लावता येत नाही, ती वारसांसाठी राखीव. हे सगळे १८६७ च्या नागरी संहितेतून आले. सियाब्रांनी ती लिहिली, १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाली. पोर्तुगालने १९६७ मध्ये ती बाजूला ठेवून नवी आणली. आपण अजून बरीचशी जुनीच धरून आहोत. तिच्या मागे १८०४ ची नेपोलियनची संहिता आणि तिच्याही मागे रोम. दीड हजार वर्षांपूर्वीच्या सम्राट जस्टिनियनचे विचार आजही डिचोलीच्या कोर्टात चालतात, ही काय लहान गोष्ट?

शिक्षिका : लहान नाहीच, वकीलबाब. पण त्यातले रोमचे किती, हे आधी वेगळे करूया. सामाईक मिळकतीची पद्धत रोमन नाही. रोममध्ये मुलगी हुंडा घेऊन यायची. नवऱ्याची मिळकत नवऱ्याची, तिची तिची. निम्म्या-निम्म्याची चाल पोर्तुगालातल्या लोकांच्या रिवाजातली. राजाच्या अध्यादेशांनी तिला नंतर मान दिला. म्हणजे तुमच्या यादीतले पहिले नावच रोमच्या खात्यावर चढत नाही.

वकील : कबूल. पण राखीव वाटा रोमचाच. मृत्युपत्रात विनाकारण डावललेल्या मुलांना रोममध्ये दाद मागता यायची. त्यांचा हक्काचा वाटा आधी चौथाई धरत. जस्टिनियनने ५३६ मध्ये तो वाढवून, चार मुलांपर्यंत तिसरा हिस्सा आणि त्याहून जास्त मुले असतील तर निम्मा केला. आणि आपली इन्व्हेंटारी? तू कधी बसलीस का त्या कामात?

शिक्षिका : आजोळच्या वाटणीत आईच्या सोबतीला बसले आहे. आईबरोबर बाबांनाही जावे लागले.

वकील : जावेच लागते. आजोबा वारले, मागे एक घर, एक भाट, दोन शेते. कोर्टात सगळे वारस येतात, लग्न होऊन गेलेल्या मुली येतात आणि त्या सगळ्यांचे नवरे, बायका येतात, कारण सामाईक मिळकतीमुळे जोडीदाराचाही हक्क तिथे लागतो. मिळकतीची यादी होते, प्रत्येक बाबीची किंमत लिहिली जाते. एकमत झाले नाही तर वारसांमध्येच बोली लागते. थोरला भाटावर बोली चढवतो, धाकटी बहीण त्याच्यावर चढवते. ज्याची बोली मोठी त्याला भाट. बाकीच्यांना त्यांच्या हिश्शाचे पैसे. चार भावांत भाटाचे चार तुकडे होत नाहीत. सामाईक वस्तू एकाला देऊन इतरांची पैशांत भरपाई करायची, ही रोमन न्यायाधीशाची रीत. मी ती पणजीला, डिचोलीला, पेडण्याला चालवली आहे.

शिक्षिका : रीत चांगली आहे. माझा वाद रीतीशी नाही, वारशाच्या कल्पनेशी आहे. तुम्ही बोलता ते असे, की रोमने एक गाठोडे बांधून ठेवले, ते बोलोन्याला सुटले, कोइंब्राला गेले, गलबतात चढले आणि मांडवीत उतरले. तसे झाले नाही. युरोपने दर टप्प्यावर निवड केली. काय घेतले आणि काय टाकले, हे त्या त्या वेळी ज्याच्या हातात सत्ता होती त्याने ठरवले.

वकील : निवड तर होणारच. जस्टिनियनचे संकलन ५२९ ते ५३४ या काळातले. पश्चिम युरोपात मग शेकडो वर्षे त्याचा मोठा भाग कुणी वाचत नव्हते. अकराव्या शतकाच्या अखेरीस बोलोन्यात इर्नेरियस आणि त्याच्या शिष्यांनी ते पुन्हा शिकवायला घेतले. ओळीओळीच्या कडेला टीपा लिहिल्या. पोर्तुगालच्या राजांनी अध्यादेशांत लिहून ठेवले, की आपल्या कायद्यात, दरबाराच्या वहिवाटीत आणि रिवाजात उत्तर सापडले नाही तर रोमन कायदा पाहावा. पापाचा प्रश्न असेल तर चर्चचा कायदा. तिथेही नसेल तर अक्कुर्सियसची टीका आणि बार्तोलुसचे मत. चौदाव्या शतकातल्या एका इटालियन पंडिताचे मत पोर्तुगालात कायद्याच्या जागी चालायचे! पंडितांना एवढा मान कुठे मिळाला?

शिक्षिका : आणि तो मान काढला कुणी? पोर्तुगालच्या राजाचा मंत्री पोम्बाल याने. १७६९ च्या ऑगस्टमध्ये त्याने कायदा काढला: यापुढे अक्कुर्सियस नाही, बार्तोलुस नाही, रोमन कायदाही सद्बुद्धीला पटेल तेवढाच. सद्बुद्धी कुणाची, ते अर्थात सरकार ठरवणार. १७७२ मध्ये कोइंब्रा विद्यापीठाचा अभ्यासक्रमही बदलला. त्यानंतर नऊ वर्षांनी, १७८१ मध्ये, डिचोली कायमची पोर्तुगिजांकडे गेली. १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पेडणे. म्हणजे आपल्या नव्या काबिजादींत जो रोम आला, तो चाळणीतून गाळून आलेला रोम होता.

वकील : आणि त्याच पोर्तुगिजांनी नव्या काबिजादींत तुमच्या चालीरीती राखल्या, हे विसरू नकोस. १८२४ मध्ये त्या लिहून काढल्या, १८५३ मध्ये सुधारल्या, १८८० मध्ये गोव्यातल्या हिंदूंसाठी हुकूम काढला.

शिक्षिका : त्या १८८० च्या हुकमातले एक कलमही सांगा ना. बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल झाले नाही, किंवा तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही, तर हिंदू नवऱ्याला दुसरे लग्न करता येईल. देशभर समान नागरी कायद्याचा नमुना म्हणून ज्याचा गौरव होतो, त्याच गोव्याच्या कायद्यातले हे कलम.

वकील : ते कलम आता कोण वापरतो?

शिक्षिका : वापरत नाहीत, हे खरे. पण चाली लिहून घेताना सांगायला कोण बसले होते, ते त्या कलमावरून कळते. बाईला कुणी विचारले नव्हते. तुमच्या बोलोन्याच्या पंडितांचेही तसेच. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा आणि ज्याच्या गळ्यात पडते तो तिसराच.

वकील : बरे, मग मी तुला असे उदाहरण देतो जिथे रोम पोर्तुगिजांच्याच विरुद्ध उभा राहिला, आणि विषय होता आपला समुद्र. सोळाव्या शतकात अरबी समुद्रात गलबत हाकायचे तर पोर्तुगिजांचा परवाना, कार्ताज, घ्यावा लागे; नसला तर माल आणि गलबत दोन्ही जप्त. फेब्रुवारी १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ पोर्तुगिजांचे ‘सांता कातारिना’ हे मकाऊहून येणारे जहाज पकडले. ॲमस्टरडॅममध्ये मालाचा लिलाव झाला, तीस लाख गिल्डरांहून जास्त आले. ही चाचेगिरी नाही, हे सिद्ध करण्याचे काम डच कंपनीने ह्यूगो ग्रोशियस या तरुण वकिलाकडे दिले. त्याच्या मोठ्या ग्रंथातले एक प्रकरण १६०९ मध्ये लायडेनला निनावी छापून आले. तेच ‘मारे लिबेरुम’, मुक्त समुद्र. तेव्हा तो फक्त सव्वीस वर्षांचा होता.

शिक्षिका : आणि त्याचे हत्यार होते जस्टिनियनचे पाठ्यपुस्तक.

वकील : तेच! हवा, वाहते पाणी, समुद्र आणि किनारा निसर्गतः सगळ्यांचे, असे त्यात होते. ग्रोशियसने तेवढ्यावरून पोर्तुगालच्या सगळ्या दाव्याला सुरुंग लावला. ताबा मिळवायचा तर वस्तू हातात यावी लागते. समुद्र कुणाच्या मुठीत येणार? शोध लावला म्हणून मालकी म्हणाल, तर पूर्वेकडच्या लोकांचे स्वतःचे राजे आहेत, स्वतःचे कायदे आहेत. ज्याला धनी आहे ती वस्तू सापडली असे कुणी म्हणत नाही. पोपने दिली म्हणाल, तर पोपची नव्हतीच. स्पेनच्या सालामांकात फ्रान्सिस्को दे व्हितोरियाने १५३९ मध्ये अमेरिकेतल्या मूळ लोकांविषयी हेच मांडले होते. ग्रोशियसने ते इथे लावले. तुझ्या शब्दांत सांगायचे तर, आपल्या बाजूने रोम बोलला.

शिक्षिका : आपल्या बाजूने नाही, डच कंपनीच्या बाजूने. पोर्तुगिजांतर्फे सेराफिं दे फ्रैतासने १६२५ मध्ये उत्तर लिहिले. वाय्यादोलिदला प्राध्यापक होता. त्यानेही रोमन कायद्याचेच दाखले काढले: समुद्राची मालकी नसेल, पण त्यावरच्या वहिवाटीचा अधिकार दीर्घ काळाने मिळू शकतो. आणि ग्रोशियसचे पुढे काय झाले ते तुम्ही सांगत नाही. १६१३ मध्ये तो वाटाघाटींसाठी लंडनला गेला. तोवर मसाल्याच्या बेटांवर मक्तेदारी डचांची झाली होती. इंग्रजांनी त्याच्याच पुस्तकातले मुद्दे त्याच्या पुढे टाकले. तेव्हा तो म्हणू लागला, की तिथल्या राजांनी आमच्याशी करार केलेत, करार पाळलेच पाहिजेत. त्याच डचांनी १६३६ पासून काही वर्षे गोव्याच्या बंदराची नाकेबंदी केली. समुद्र मुक्त होता, फक्त मांडवीच्या तोंडाशी नव्हता!

वकील : वकील अशिलाची बाजू मांडतो, त्यात नवल काय? पण तो मरून गेला, अशील बुडाले, मुद्दा राहिला. आज समुद्राचा आंतरराष्ट्रीय कायदा त्याच पायावर उभा आहे. प्राचीन विचाराची ताकद इथे दिसते. स्वार्थासाठी उचलला तरी तो त्या स्वार्थापुरता राहत नाही.

शिक्षिका : हे तुमचे वाक्य मला पटले. पण त्यात एक भर घालते. चार्ल्स अलेक्झांड्रोविच नावाचे कायद्याचे अभ्यासक मद्रास विद्यापीठात शिकवत. त्यांनी १९६७ च्या पुस्तकात मांडले, की ग्रोशियसच्या आधी हिंदी महासागरात व्यापार खुलाच होता. कालिकत, मलाक्का अशा बंदरांत परदेशी व्यापाऱ्यांना त्यांच्या चालीने राहू देत, आणि या वहिवाटीची माहिती ग्रोशियसपर्यंत पोचली असावी. मग मुक्त समुद्राचे श्रेय एकट्या रोमला का?

वकील : पोचली असावी, एवढेच. ग्रोशियसने दाखले दिले ते रोमचे आणि स्पॅनिश धर्मशास्त्र्यांचे. कोर्टात मी अनुमानावर हुकूम मागत नाही.

शिक्षिका : मग कागदावर येऊ. मयेच्याच कागदावर. सरदाराला गाव बहाल केले, म्हणजे काय बहाल केले?

वकील : जमीन.

शिक्षिका : इथेच माझा खरा आक्षेप आहे. आपल्याकडे राजा गाव इनाम देई, मोकासा देई, सरंजाम देई, तेव्हा तो गावचा वसूल देई. पाटलाचे वतन वेगळे, कुळाची कसणूक वेगळी, देवाची जमीन वेगळी. एकाच शेतावर चौघांचे चार हक्क, आणि चौघेही खरे. हा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातही गेला होता. दादरा-नगर हवेलीत जायला वाट मिळावी म्हणून पोर्तुगालने भारतावर दावा लावला. त्यात पेशव्यांशी १७७९ मध्ये झालेला तह निघाला. मराठ्यांनी पोर्तुगिजांना बारा हजार रुपये वसुलाचा मुलूख दिला होता. पोर्तुगाल म्हणे, मुलूखच दिला. भारत म्हणे, सरंजाम दिला, म्हणजे फक्त वसूल. भारताने नेमलेले न्यायाधीश होते मुंबईचे एम. सी. छागला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने मराठी कागदांचा अर्थ आपल्यासारखाच लावला: वसूल दिला, सार्वभौमत्व नाही.

वकील : आणि पुढे असेही म्हटले, की इंग्रजांनी नंतर तिथला पोर्तुगीज अंमल मान्य केला, म्हणून तो अंमल खराच. अर्धा निकाल सांगू नकोस. वाटेचा हक्कही पोर्तुगालला मिळाला: साधी माणसे, नागरी अधिकारी, माल यांच्यापुरता, फौजफाट्याला नाही.

शिक्षिका : सांगते पुरा. पण माझा मुद्दा वसुलाचा आहे. वसुलाच्या हक्काचे मालकीत रूपांतर कुठल्या तरी टप्प्यावर झाले, आणि ते करायला लागणारी कल्पना रोमची: वस्तूला एकच धनी, त्याचा हक्क पूर्ण, बाकी सगळे त्याच्या मर्जीने. पेडण्यातला आलोर्णचा किल्ला १७४६ मध्ये जिंकला तर त्या गावाचे नाव लिस्बनमध्ये एका मार्केशची पदवी झाली. नाव नेले तर नेऊ द्या. मयेत नावाबरोबर जमीनही गेली.

वकील : आता मला बोलू दे, कारण इथे तू रोमवर अन्याय करते आहेस. एकच पूर्ण मालक ही कल्पना रोमन आहे, खरे. पण त्याच रोमन कायद्यावर टीका लिहिताना मध्ययुगातल्या पंडितांनी पाहिले, की युरोपातल्या शेतावरही राजा, सरदार, कसणारा असे थर आहेत. त्यांनी मालकीचेच दोन भाग केले. सरदाराची ती वरची मालकी. जो पिढ्यान्‌पिढ्या कसतो, फळ घेतो, त्याची ती उपभोगाची मालकी. दोघेही मालक! वरचा नुसता धनी आणि खालचा नुसता कूळ, असे नाही. बार्तोलुसला मयेचा नकाशा दाखवला असता तर त्याने तुझ्या घराण्याला उपभोगाचा मालक लिहिले असते.

शिक्षिका : हे मला ठाऊक नव्हते. मग ते गेले कुठे?

वकील : फ्रेंच राज्यक्रांतीत. सरंजामशाही मोडायची म्हणून वरची मालकी काढून टाकली. जो खाली होता तो पूर्ण मालक झाला. फ्रान्सच्या शेतकऱ्याला ते लाभले. नेपोलियनच्या संहितेत मालकी अखंड, एकाची. संहिता लिहिणाऱ्यांनी म्हटले, आम्ही खऱ्या जुन्या रोमकडे परत गेलो. तीच अखंड मालकी पुढे १८६७ च्या संहितेतून आपल्याकडे आली. पण इथे क्रांती झालेली नव्हती. वरचा तसाच वर राहिला आणि त्यालाच पूर्ण मालकाचा शिक्का मिळाला. फ्रान्समध्ये जे औषध ठरले ते इथे उलटे लागू पडले.

शिक्षिका : म्हणजे मी म्हणते तेच. निवड!

वकील : निवडच. आणि जुन्या थराचा एक अवशेष शिल्लक राहिला, तो म्हणजे आफोरामेंत. कोमुनिदादीची, म्हणजे गावकीची, पडीक जमीन कायमच्या पट्ट्याने घ्यायची, लागवड करायची, वर्षाला ठरलेला फोर भरायचा; जमीन वारसाला जाते, विकताही येते. रोमच्या उत्तरकाळात सरकारी आणि देवळांच्या पडीक जमिनी अशाच देत. ते विक्री म्हणायचे की भाडे, यावर पंडित भांडत होते. पाचव्या शतकात सम्राट झेनोने सांगितले, दोन्ही नाही, हा तिसराच प्रकार. गोव्यात हे कालपरवापर्यंत चालले. १५२६ मध्ये आफोंसु मेशियाने जुन्या काबिजादींतल्या गावकारांच्या चाली लिहून घेतल्या, तेव्हाही गावकार हे गाव वसवणारे आणि राजा हा फोर घेणारा, असेच धरले होते.

शिक्षिका : मग सरळ विचारते. आमच्या घराण्याने शंभर वर्षे तीच जमीन कसली. दीर्घ ताब्याने मालकी मिळते, हेही रोमनच ना? मग मयेत ते का लागले नाही?

वकील : संहितेत आहे. तीस वर्षे उघड, शांत, अखंड ताबा असला तर वाईट हेतूचाही आक्षेप चालत नाही. पण ताबा स्वतःच्या नावाने हवा. ज्याने एकदा खंड भरला, पावती घेतली, त्याने दुसऱ्याची मालकी मान्य केली. तो धन्याच्या वतीने ताब्यात आहे. आपल्या ताब्याचे कारण आपल्या मनाने बदलता येत नाही, हा रोमन नियम. प्रामाणिकपणे खंड भरणारा कायमचा कूळ. जंगलात घुसून बसलेला कुणालाही पैसा न देणारा तीस वर्षांनी मालक.

शिक्षिका : पावत्या जपून ठेवल्या म्हणून आजोबा हरले, असे म्हणा! आणि दुसरा रोमन नियम? आपल्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून जास्त दुसऱ्याला देता येत नाही. पोर्तुगालच्या राजाकडे मयेच्या कसणाऱ्यांची जमीन कुठून आली, की ती त्याने सरदाराला द्यावी? मयेच्या जमिनीसाठीच्या लढ्यात माणसे दुसरे काय म्हणत होती? लॅटिन येत नव्हते, एवढेच.

वकील : पण त्याच संकलनात हेही आहे, की शत्रूकडून जिंकलेले जिंकणाऱ्याचे होते. जिंकणे हेच हक्काचे मूळ. आणि हसू नकोस, हा मुद्दा आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही वापरला. १९६५ चा पेमा छिबार खटला. दमणच्या पोर्तुगीज सरकारने दिलेले आयात परवाने चालतील का, असा वाद होता. न्यायालय म्हणाले, गोवा-दमण भारताने जिंकून घेतले. जुन्या सरकारविरुद्धचे हक्क नव्याने मानले तरच उरतात. १९६२ च्या कायद्याने जुने कायदे चालू ठेवले, म्हणून संहिता उरली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितले: हा परदेशी कायदा नव्हे, संसदेने ठेवलेला भारतीय कायदा आहे.

शिक्षिका : मग संहिता ठेवली तशी सरदाराची सनदही राहिली. एकसष्टमध्ये राज्य बदलले, पण मयेच्या कागदावर धनी बदलला नाही, फक्त त्याचा राखणदार नेमला. घर दुरुस्त करायचे, विकायचे, कर्ज काढायचे, की कस्टोडियन आडवा. २०१४ मध्ये गोवा विधानसभेने जुन्या पदव्यांनी आणि दानपत्रांनी आलेली मालकी रद्द करण्याचा कायदा केला, तेव्हा कुठे कोंडी फुटली. आता सनदा मिळू लागल्या आहेत.

वकील : मग आता तक्रार कसली?

शिक्षिका : रीतीची. आधी सरदाराची मालकी पुसली, मग सरकार पूर्ण मालक झाले, मग सरकारने आम्हाला आमचीच जमीन दिली. एक मालक जाऊन दुसरा एकच मालक आला. आमचा हक्क कसल्यामुळे होता. कागदावर मात्र तो सरकारच्या देण्यामुळे आहे.

वकील : बाय, बँकेचा मॅनेजर हक्काचे मूळ विचारत नाही, जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा विचारतो. थरांची मालकी तत्त्वात सुंदर, पण चौघांच्या सह्या गोळा करता करता पिढी जाते. अखंड मालकीने निदान गरिबाला विकता, गहाण ठेवता येते. ती संहिता लिहिणाऱ्यांना हेच हवे होते.

शिक्षिका : हवे होते ते बाजारासाठी. गरिबाला ते पोचले, पण शेवटी.

वाद इथे थांबवतो. वकिलांचे म्हणणे असे, की प्राचीन कायद्यात एवढे साठलेले आहे, की त्यातून सत्तेला आणि सत्तेच्या विरोधकाला दोघांनाही शस्त्र मिळते. शिक्षिकेचे म्हणणे असे, की शस्त्रागार सगळ्यांचे असले तरी किल्ली सगळ्यांकडे नसते. मला दोन्ही म्हणणी खरी वाटतात आणि दुसरे जास्त महत्त्वाचे वाटते. युरोपच्या आधुनिक विचारावर रोमचा प्रभाव पडला, असे पाठ्यपुस्तके सांगतात, जणू तो पावसासारखा आपोआप पडला. प्रत्यक्षात तो दर पिढीने, दर वकिलाने, आपल्या खटल्यापुरता काढून घेतला. ग्रोशियसने मुक्त समुद्र काढला, फ्रैतासने वहिवाट. बार्तोलुसच्या परंपरेने दोन मालक काढले, नेपोलियनच्या पंडितांनी एक. मयेच्या वाट्याला शेवटचे आले आणि ते निवडताना मयेतल्या कुणाला विचारले नव्हते.

म्हणून गोव्याच्या संहितेबद्दल बोलताना नुसता अभिमान किंवा नुसता राग पुरेसा नाही. मुलीच्या वाट्याचे कलम राखण्यासारखे आहे, १८८० चे दुसऱ्या बायकोचे कलम पुस्तकातूनही काढून टाकण्यासारखे आहे. आणि देशभर समान नागरी कायद्याची चर्चा करताना ‘गोव्यात आहेच’ एवढे म्हणून पुढे जाणाऱ्यांनी आधी तो वाचावा. तो मराठीत आणि कोंकणीत प्रत्येक पंचायतीत ठेवणे, हे सरकारचे काम. आपल्या घरचा एक-चौदाचा उतारा काढून त्यावर कुणाचे नाव कोणत्या हक्काने लागले आहे ते पाहणे, आणि आई-बहिणीचे नाव राहिले असेल तर लावून घेणे, हे आपले. मयेला ते कळायला १९६१ पासून २०१४ उजाडले.